तातेराव मिस्तरीचा कान

भोकरदनहून जाफराबाद रोडनं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. अर्ध्या शेडात तातेराव मिस्तरींचं गॅरेज आणि अर्ध्यात त्यांच्या बायकोचं, केशरबाईंचं शिलाई मशीन. केशरबाई मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवतात. तेवीस वर्षं झाली, नवऱ्याचा पान्हा आणि बायकोची सुई एकाच छपराखाली चालतात, आणि दोघांची तोंडंही. गिऱ्हाइकाला गाडी होईपर्यंत करमणुकीची कमतरता नसते.

तातेरावांचं नाव झालं ते कानामुळं. गाडी चालू करून ठेवायची, डोळे मिटायचे, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावायचं. "पेट्रोल जादा पिऊन राह्यली," असं म्हणून ते कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचे, की गाडी गुमान चालायला लागायची. जालन्याहून गाड्या यायच्या हो त्यांच्याकडं, उगाच नाही सांगत. आणि दुसरा त्यांचा षौक म्हणजे ठिणगी. बंद पडलेली गाडी आली की प्लगची वायर काढून इंजिनापासून बोटभर लांब धरायची आणि किक मारायला लावायची. निळी ठिणगी चर्रकन उडाली की जमलेली माणसं मान डोलवायची. ठिणगी जितकी लांब उडेल तितका मिस्तरी मोठा, असा एक समज त्या रस्त्यावर होता, आणि तो समज तातेरावांनीच पसरवलेला होता.

मग नव्या गाड्या आल्या. कार्बोरेटर गायब. त्या जागी एक इंजेक्टर, टाकीत एक पंप आणि कुठंतरी सीटखाली साबणाच्या वडीएवढा एक डबा. पूर्वी ठिणगीचा कारभार वेगळा होता आणि पेट्रोलचा वेगळा, आणि दोघांचा मेळ घालायचं काम मिस्तरीच्या कानाचं होतं. आता पेट्रोल किती फवारायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे दोन्ही तो डबाच ठरवतो. या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लोक नुसतं एफआय म्हणतात.

भुजंग दूधवाल्याची असली गाडी एकदा बंद पडली, तेव्हा तातेरावांनी नेहमीचा खेळ केला. वायर काढली, चार माणसं बघत होती म्हणून आणखी दोन बोटं लांब धरली, आणि बटण मारायला लावलं. ठिणगी उडालीच नाही. गाडीचा डबा मात्र कायमचा गेला. तातेरावांनी पदरमोड करून नवा डबा बसवून दिला आणि गावभर सांगत सुटले, कंपनीचा मालच बोगस.

पुढं एका ऑइल कंपनीनं जालन्यात मिस्तरी लोकांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं. टोपी मिळाली, जेवण मिळालं, सर्टिफिकेटही मिळालं. शिकवणाऱ्यानं दुपारी जेवताना सांगितलं की वायर हवेत लांब धरली आणि ठिणगीला उडी मारता आली नाही, तर तो जोर माघारी फिरतो आणि थेट डब्यालाच मारतो. तातेरावांच्या घशात घास अडकला. तोवर त्यांना मनातल्या मनात एक आशा होती, की आपण नसू, माल खरंच बोगस असेल. घरी आले. दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन पत्र्यावर लिहिलं: येथे फक्त जुन्या गाड्या दुरुस्त होतील.

शिकून आलेला माणूस दुकान वाढवतो, यांनी दुकान आखडून घेतलं. केशरबाई म्हणाल्या, "शाळेत जाऊन न शिकता आलेले तुम्हीच पह्यले." पण वाद घातला नाही, कारण माणूस मनातून खचलाय हे त्यांना दिसत होतं.

जुन्या गाड्या वर्षागणिक कमी होत गेल्या. दुपारभर तातेराव बाकड्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या ऐकायचे, आणि दहातल्या सात गाड्या त्यांच्या हातच्या नसायच्या. मुलगा मिथुन जालन्यात एका सळईच्या कारखान्यात होता. त्यानं साहेबाला सांगून बापासाठी गेटवर वॉचमनची नोकरी लावली. "आरामाची हाये बाबा. खुर्चीवर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे." छप्पन वर्षांच्या माणसाला अजून काय पाहिजे? तातेराव हो म्हणाले. त्यांना ती नोकरी अजिबात नको होती, पण नको म्हणायला तोंड कुठं होतं?

तर उद्या सकाळी सातच्या एसटीनं जालन्याला जायचं, असा तो दिवस. तातेराव पान्हे रॉकेलनं पुसून पेटीत लावत होते. तेवढ्यात एक बाई स्कूटर ढकलत शेडासमोर आली. खांद्याला लसीचा निळा डबा, कपाळावर घाम. ही बेबीनंदा सिस्टर, आन्वा गावाच्या पुढं डोंगराकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नोकरीला. सहा वाड्या तिच्याकडं, आणि त्या सगळ्या चढावर.

"जय भीम मामा. गाडी बघा."

"जय भीम. बोर्ड वाचला न्हाई का सिस्टर?"

"वाचला. आता गाडी बघा."

मशीनवर बसलेल्या केशरबाई हसल्या. बेबीनंदानं बाकड्यावर बसून घेतलं आणि सगळं सांगितलं. सपाटीवर गाडी चालते, चढ लागला की गुदमरून बंद पडते आणि मग बराच वेळ चालूच होत नाही; आत्ताही वाटेतल्या चढावर तेच झालं. तीनदा शोरूमला नेली. ते कॉम्प्युटर लावतात आणि म्हणतात, काहीच फॉल्ट नाही. परवा अर्धा घाट तिनं गाडी ढकलत नेली आणि वर बाया पोरं घेऊन दोन तास ताटकळल्या. उद्या पुन्हा लसीकरण आहे. "आता लसीचा डबा डोक्यावर घेऊन जाऊ का मी?"

"मी हात लावत न्हाई असल्या गाडीला," तातेराव म्हणाले. "अन उद्यापासून मी इथं नसतो बी."

"अवो, हात नका लावू," केशरबाई दोरा तोडत म्हणाल्या. "ऐकायला कुणी ना म्हणलंय?"

 पेटीत ठेवलेला लांब स्क्रू ड्रायव्हर तातेरावांनी पुन्हा बाहेर काढला. स्कूटरची सीट उचलून टोक पंपाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली. "सिस्टर, चावी फिरवा. चालू नका करू, नुसती चावी."

चावी फिरली. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद वाजला आणि थांबला. इंजिन चालू व्हायच्या आधी पेट्रोलचा दाब तयार करायला तो असाच वाजतो. तातेरावांनी चारदा ऐकला. आवाज बारीक होता, ताणलेला, संपत आलेला उसाचा रस पोरानं नळीनं ओढावा तसा. पण असल्या पंपाचा चांगला आवाज कसा असतो, ते त्यांना कुठं माहीत होतं? आयुष्यात कधी ऐकला असेल तर ना.

केशरबाईंकडं एका मास्तरांची अगदी तशीच स्कूटर कव्हरासाठी आली होती. सीट आधीच काढलेली. त्यांनी तिची चावी पुढं केली. तातेरावांनी ती गाडी ऐकली. पंप खालच्या पट्टीत, भरल्या पोटानं घुमला आणि थांबला. मग परत सिस्टरची ऐकली, परत मास्तरांची. पाच-सहा फेऱ्या झाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी ती जुनी कळा आली होती. केशरबाईंनी मशीन थांबवलं आणि नवऱ्याकडं बघत बसल्या. त्यांना बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"डबा चांगला हाये तुमचा," तातेराव उठत म्हणाले. "तो हुकूम बराबर देऊन राह्यला, एवढं पेट्रोल सोड म्हणून. पण खालून पेट्रोलच येऊन न्हाई राह्यलं. अन आलं का न्हाई, हे डब्याला सांगायला असल्या गाडीत कुणीच न्हाई. त्याला वाटतंय हुकूम तामील झाला. म्हणून तर कॉम्प्युटर ओके दाखवतो. पंपाच्या तोंडाची जाळी चोंदली असंल."

"मग काढा ती."

इथं तातेराव अडले. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी खाली ठेवला. ही गोष्ट त्यांनी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"सिस्टर, एक ऐकून घ्या, मंग ठरवा. भुजंगच्या गाडीचा डबा मीच मारला. माल बोगस नव्हता. लोकायला दाखवायसाठी ठिणगी लांब उडवायला गेल्तो."

 बेबीनंदा सिस्टर त्यांच्याकडं बघत राहिली. रोज पन्नास बायांना समजावणारी बाई ती, माणूस ओळखायला तिला वेळ लागत नव्हता.

"ठिणगी दाखवणार का आता?"

"बिलकुल न्हाई."

"मंग खोला."

तातेरावांनी खोलली. ट्रेनिंगचा तो दिवस त्यांना घास अडकल्यासकट पाठ होता, त्यामुळं शिकवलेलं काहीच विसरलेलं नव्हतं. पेट्रोलजवळ ठिणगी नको म्हणून केशरबाईंना मशीनची मोटर बंद करायला लावली. पंपाच्या वायरचा प्लग काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं, म्हणजे नळीतला दाब उतरला. मग बॅटरीची वायर सोडली. पंप अलगद वर काढला.  जाळी बाहेर आली ती काळीकुट्ट, चहाच्या गाळणीत चोथा बसावा तशी.

"पेट्रोल कुठून भरता?"

बेबीनंदा जरा ओशाळली. पेट्रोल पंप लांब पडतो, म्हणून गावातल्या किराणा दुकानातून बाटलीतलं घेते. सगळं गावच घेतं.

"गावाला सांगता पाणी गाळून प्या," तातेराव म्हणाले, "अन गाडीला बाटलीतला गाळ पाजता व्हय?"

केशरबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली सुई खाली पडली. बेबीनंदाही हसली, दुसरं करणार काय? स्टँडजवळच्या पार्टच्या दुकानातून नवी जाळी आली. टाकी धुतली, पंप बसला, चावी फिरली. तातेरावांनी कान लावायच्या आधीच त्यांना कळलं होतं, तरी लावला. पंप मास्तरांच्या गाडीसारखा खाली, भरून घुमला.

आता चढ पाहिजे होता. केळणा नदीच्या पुलापलीकडं एक चढण आहे, तिथं नेऊ म्हणाले. गाडी सिस्टर चालवणार आणि तातेराव मागं बसून ऐकणार. छप्पन वर्षांचा मिस्तरी बाईच्या मागं दांडा गच्च धरून बसलाय, हे बघून रस्त्यावरच्या हॉटेलातल्या दोघा-तिघांनी मान वळवली. वळवू द्या. पहिल्यांदा चढ चढली, गाडी बंद पडली नाही. तातेराव म्हणाले, "अजून एकदा." दुसऱ्यांदा चढली. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम चढाच्या मध्यात थांबवायला लावली आणि तिथूनच उचलायला सांगितली. गाडी दोघांना घेऊन सरळ वर गेली.

"मामा, उद्या खरंच जाणार तुम्ही?" वर पोचल्यावर बेबीनंदानं विचारलं.

"जावं लागन. एका गाडीनं काय होतंय सिस्टर?" पण त्यांच्या आवाजात कुरकुर होती, आणि ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

 रात्री जेवताना केशरबाईंनी एवढंच विचारलं, "भुजंगचं मला काहून न्हाई सांगितलं?" तातेराव म्हणाले, "लाज वाटली." ते पुरेसं होतं.

सकाळी साडेसहाला तातेराव इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा हातात घेऊन निघाले. केशरबाई सोबत होत्या, शेड उघडायचं होतं. बघतात तर शेडासमोर दोन मोटारसायकली उभ्या. दोघंही गिऱ्हाइकं सिस्टरच्या गावची. गाव एक, किराणा दुकान एक, बाटली एक, मग आजारही एकच असणार ना. सिस्टरनं काल संध्याकाळी गावात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं होतं, आणि नर्सबाईनं सांगितलेली गोष्ट त्या गावात घरोघर पोचते.

"मिस्तरी, चढाला गुदमरते," त्यातला एक म्हणाला. "शोरूमवाले म्हणतात कायीच न्हाई."

"मला एसटी धरायची हाये," तातेराव म्हणाले. तरी पण त्यांनी डबा बाकड्यावर ठेवला. "नुसती चावी फिरव बरं. चालू नको करू." पहिल्या गाडीचा पंप ताणून वाजला. "जाळी," ते म्हणाले. दुसऱ्या गाडीशी ते बराच वेळ वाकून राहिले. हिचा आवाज वेगळाच होता, मधूनच अडखळणारा. "हिचं जाळीचं न्हाई. हिचं दुसरंच कायतरी हाये," असं पुटपुटत त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पेटी उघडली. जाफराबादहून येणारी सातची एसटी हॉर्न देत समोरून गेली. केशरबाईंनी बघितली. तातेरावांनी नाही बघितली.

साडेनऊला केशरबाईंचा फोन वाजला. मिथुन होता.

"माय, बाबा कुठं हायेत? फोन उचलून न्हाई राह्यले. साहेब गेटवर उभा राहून विचारून राह्यला, काय सांगू त्याला?"

केशरबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. शर्टाची पार वाट लागली होती.

"सांग साहेबाला," त्या म्हणाल्या, "माझ्या बापाच्या हाताला काम हाये म्हणून."