सुनंदाबाईंचा मेनू
धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे सुनंदाबाई बसायच्या. पारोळ्याकडची एखादी म्हातारी खिडकीशी येऊन नुसती खोकली, तरी बाई तिचं नाव घ्यायच्या. लोकांना वाटायचं, काय स्मरणशक्ती आहे! खरी गोष्ट निराळी होती. बाईंची नजर कडेकडेनं विझत चालली होती. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहावं तेवढंच. म्हणून त्या माणसं आवाजावरून ओळखायला शिकल्या होत्या. नवरा अकाली गेलेला, घरी शिकत्या मुली. नोकरीवर गदा येईल या धास्तीनं त्यांनी डोळ्यांचा विषय कुणापाशी काढला नव्हता.

एक्क्याण्णव साली दवाखान्यात कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरच्या फॉक्सप्रो भाषेत पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहायला जळगावहून गिरधर फिरके आला. तो मूळचा नशिराबादचा, जळगावात लहानसा कॉम्प्युटर क्लास चालवायचा. क्लासबाहेरचं हे त्याचं पहिलंच काम, आणि दवाखाना कसा चालतो याचा त्याला गंधही नव्हता. सुनंदाबाईंनी त्याला शेजारी स्टूल दिलं आणि सगळं समजावलं. बाळंतिणीचा कागद वेगळा का, नवऱ्याचं नाव न घेणारी बाई कशी शोधायची, सगळं.

टायपिंग बाईंच्या बोटांत मुरलेलं होतं. घोडं अडायचं ते मेनूपाशी. पडद्याच्या वरच्या कडेला ओळीनं मांडलेले पर्याय शोधताना त्यांची मान सारखी इकडून तिकडे फिरायची. गिरधर ते पाहत राहिला.  पुढच्या खेपेला मेनू पडद्याच्या मधोमध आला होता, एकाखाली एक, मोजक्या शब्दांचा. शिवाय प्रत्येक पर्यायावर गेलं की वेगळ्या सुराची शिट्टी वाजायची.

"अक्का, अशी मांडणी बरी वाटते का?"

बाईंनी एकेका पर्यायावर जाऊन शिट्ट्या ऐकल्या. "सगळ्यांसाठी अशीच केलीत का, गिरधरभाऊ?"

"हो तर, सगळ्यांसाठीच," असं म्हणून त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

आपल्या डोळ्यांचं त्याला कळलंय, हे बाईंना त्याच वेळी कळलं. पुढे फॉक्सप्रोची नवी आवृत्ती आली आणि मेनू पुन्हा वर जाऊन बसला, शिट्ट्याही मुक्या झाल्या. गिरधर एसटीनं आला, सगळं पूर्ववत करून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. आभार मानायला गेलं की तो "त्यात काय, अक्का" म्हणून चपला शोधायला लागायचा.

सत्त्याण्णव साली मात्र सगळाच नूर पालटला. जुनं मशीन गेलं, विंडोज आलं. नाशिकहून आलेल्या माणसानं पेशंटची सगळी नावं नीट नव्या प्रोग्रॅममध्ये आणली, पण गिरधरनं बांधलेला मेनू काही आला नाही. वर एक करडी पट्टी, तीत बारीक अक्षरं, आणि माऊसचा बाण. तो बाण बाईंना सापडेचना. रांग दारापर्यंत गेली. त्या गडबडीत पुष्पाबाई नावाच्या दोघींना एकच केसपेपर गेला. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

व्यवस्थापक अभिमन सोनवणे यांनी बाईंना आत बोलावलं. "बाई, खरं सांगा. दिसत नाही का तुम्हाला?"

इतक्या वर्षांचं ओझं बाईंनी तिथं उतरवलं.  सोनवणे म्हणाले, "तुमच्यासारखं माणूस मला खिडकीवरून हलवायचं नाही. पण पुन्हा अशी चूक नको. काही उपाय असेल तर बघा, नाहीतर तुम्हाला स्टोअरला बसवतो."

बाईंनी नाक्यावरच्या बूथवरून जळगावला फोन लावला. गिरधर दुसऱ्याच दिवशी हजर झाला. मेनू पुन्हा मधे घ्यायला आणि तो माऊसशिवाय चालेल असा करायला त्याला दुपार पुरली. पण शिट्ट्या काही जमेनात. नव्या प्रोग्रॅमला एकच 'टिंग' ठाऊक होतं. तो डोकं धरून बसला आणि एकदम म्हणाला, "अक्का, सूर नाही वाजत, पण माईकवर भरलेला आवाज वाजतो. मेनूच बोलका करू! खणखणीत आवाज कुणाचा आहे इथं?"

बाहेर सफाईवाली झुंबरबाई फरशी पुसत कुणालातरी झापत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मना आवाज? त्या डब्बामा कसा काय जाई?" झुंबरबाईनं तिच्या अहिराणीत विचारलं आणि पदर तोंडाला लावला. पण दुसऱ्या दिवशी गिरधरनं माईक पुढे धरताच ती सरसावून बसली. 'नवा पेशंट' म्हणा असं गिरधरनं सांगितलं, ती म्हणाली, "नवा पेशंट शे!" मग "जुना पेशंट शे!", "कागद छाप!", आणि मेनूतून बाहेर पडायला "चाल आते घर!" गिरधरनं एक शब्द बदलला नाही, 'आहे'च्या जागचं तिचं 'शे'सुद्धा तसंच ठेवलं. आवाज भरायला आणि वाजवायला लागणारं साउंड कार्ड त्यानं जळगावला जाऊन स्वतःच्या क्लासमधल्या मशीनमधून काढून आणलं होतं.

सोमवारी खिडकी उघडली. रांगेतले पहिले आबा कॉम्प्युटरचं "जुना पेशंट शे!" ऐकून दचकले आणि हात जोडून म्हणाले, "हाव बाई, जुनाच शे मी!" सगळी रांग हसली. खिडकीआड सुनंदाबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

बाई स्टोअरला गेल्या नाहीत. धाकटीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात सुनंदाबाई थोरलीला सोबत घेऊन नशिराबादला गेल्या. गिरधर जळगावला क्लासवर होता. बाईंना तो घरी नकोच होता; असता तर त्यानं काही सांगूच दिलं नसतं. त्याची आई सुगंधाबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. सुनंदाबाई तिच्याजवळ टेकल्या आणि त्यांनी पहिल्या मेनूपासून सगळं सांगितलं.

"घरी तर एका शब्दानं बोलला नाही हो," सुगंधाबाई म्हणाली. तिनं सूप बाजूला सारलं. "पुन्हा सांगा बरं. सावकाश सांगा."

सुनंदाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.