पिच्चरमधल्या राक्षसाची दृष्ट

बायांनो, आज दिवेलागणीला काय झालं सांगते. लिहायला चुकंल, समजून घ्या.

माझी सात वरसांची नात, परी. मोबाईलवर राक्षसाचा पिच्चर बघितला अन् आठ दिवस झाले, रात्री झोपंना. "आज्जी, तो कपाटामागं हाय" म्हणती. बॅटरी लावून दाखवलं, तरी पटंना. पोरगी पार सुकून गेली.

म्हणलं, दृष्ट काढावी. मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून ओवाळल्या.

तर म्हणती, "आता त्याची बी काढ."

"कोणाची गं?"

"राक्षसाची. सगळे त्याला वाईट नजरेनं बघायलेत. त्यालाच लागली असंल."

मला लय हसू आलं. पण काढली बाई! कपाटासमोर उभी राहून "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची" म्हणत ओवाळलं अन् चुलीत टाकलं. परी कपाटाला म्हणती, "झोप आता. मी बी झोपते." अन् खरंच झोपली की!

मी मात्र जागीच हाय. आमच्या ओढ्यावरच्या भुताला मी जलमभर भ्यायले. त्याला बी काही तरास असंल, हे कधी मनातच आलं न्हाई.

तुमी ज्याला भेता, त्याची दृष्ट कधी काढली का गं?