भैरोबाला फासलेला रंग

ओटा अर्धा सारवून झाला होता, तेवढ्यात कोंडिबा गुरव डोळे पुसत दारात आले.

"वहिनी, देवानं टाकलं मला. सरपंच म्हनत्यात, दुसरा गुरव बघू."

चाळीस वर्षं हा माणूस भैरोबाच्या काळ्या दगडी गाभाऱ्याची झाडलोट करतो आणि गावासाठी कौल लावतो. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे, उजवा आधी पडला की देवाचा होकार. आज पेरणीचा कौल होता. तीनदा लावला, तिन्ही वेळा दोन्ही दाणे एकदम घसरले. गाव म्हणालं, गुरवाचा हात बाटला. कोंडिबांनाही तेच खरं वाटलं.

हात धुऊन मी देवळात गेले, तर शिसारीच आली. जत्रा जवळ आली म्हणून सरपंचांनी कालच देवाला पिवळा ऑईलपेंट फासला होता. ओठ तांबडे, मिशा काळ्या. तमाशातला सोंगाड्या बरा!

"गुळगुळीत रंगावर दाना ऱ्हाईल कसा?" गाभाऱ्यापाशी उभ्या सरपंचांना मी म्हणाले. "गुरवाचा हात न्हाई, तुमी देव बाटवला."

"पर चकाकतोय लई, वहिनी," सरपंच दात काढून हसले. त्या हसण्याची किळस आली.

"रंग काढून परत लावा कौल. दाने चिकटले तर गुरव ह्येच."

"बरं, व्हय," ते पुटपुटले.

माझ्यामागून आलेले कोंडिबा नखानं रंग खरवडत होते. "रॉकेलनं निघंल का?"

देवाच्या अंगाला रॉकेल! पण दुसरा इलाज नाही. बाटली घेऊन शेजारच्या विंझर गावी रॉकेल आणायला निघाले आहे.