पुनवेची सभा

पनवेल नगरपालिकेत निवडून येण्याआधी मी शाळेत शिकवायची. म्हणून सभागृहात मी तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'मास्तरीण'. त्याचं मला काही वाटत नसे. डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टीने. गटारं आणि दिवाबत्तीवर घसा बसेपर्यंत भांडणारी ही माणसं शाळांचा विषय निघाला की चहा मागवायची. शाळा समिती माझ्या गळ्यात पडली तीही दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून.

खाडीच्या अंगाला, मिठागरांच्या वाटेवर आमची मुलींची एक शाळा होती. नगरपालिकेची जुनी कौलारू जागा, शिकवायला एकच बाई, आणि मिठागरवाल्यांच्या पोरी. दिवाळीनंतर मिठाचा हंगाम सुरू झाला की यातल्या बऱ्याच पोरी घरी धाकटी भावंडं सांभाळत बसायच्या. अध्यक्षांनी नेमकं हे हेरलं. त्यांना त्या जागेत जकातनाका हवा होता. शाळा बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि भर सभेत मला विचारलं, "मुलगी शिकावी म्हणून त्या वस्तीतला एक तरी बाप इथे आला आहे का?" कुणीच आलं नव्हतं. मी घरी येऊन भांडी आपटली.

मतदान पुढच्या सभेवर गेलं. आमचे अध्यक्ष पंचांग उघडल्याशिवाय सभा लावत नसत. अमावास्या त्यांना वर्ज्य आणि पौर्णिमा फार प्रिय. त्यांनी ही सभाही पौर्णिमेला दुपारी लावली. नोटीस मी दोनदा वाचली. पुनवेला खाडीला उधाण येतं आणि भरती चढते ती ऐन दुपारी. तेव्हाच मिठागराची उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, उघडून पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत बंद करायचं. बांधावर माणसं नसली आणि तो कुठे फुटला, तर तयार मीठ पाण्यात. खाडीकडच्या वॉर्डाचे मेंबर स्वतः मिठागरवाले होते, आणि त्यांच्या मताशिवाय शाळा वाचत नव्हती.

मी अध्यक्षांना दिवस बदलायला सांगितलं. चांगला दिवस का सोडायचा, हेच त्यांना कळेना. त्यात डाव नव्हता. सगळा जन्म पनवेलीत गेला, पण खाडी त्यांनी पाहिली ती पुलावरून. मेंबरांकडे मी निरोप धाडला. उत्तर आलं, बघू.

सभेला खाडीकडच्या मेंबरांची खुर्ची रिकामीच होती. मी बोलायला उभी राहिले आणि मुद्दाम भाषण लांबवलं. सगळं लक्ष दाराकडे. पण दारातून आला तो शिपाई. अध्यक्षांनी त्याला शाळेतल्या पोरी मोजायला पाठवलं होतं. शाळेत एकही मुलगी नाही, बाई एकट्याच बसल्यात, असं त्याने सांगितलं. सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष अगदी सौजन्याने म्हणाले, "बाई, आता भांडताय कुणासाठी?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पोरींचाही राग आला. आजच्या दिवशी तरी यायचं होतं.

अध्यक्ष मत घेणार इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. मेंबर आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि मागे दार अडवून उभे राहिलेले वस्तीतले बाप्ये. अध्यक्षांनी त्यांनाही ऐकवलं की ज्या शाळेसाठी तुम्ही आलात ती रिकामी आहे.

मेंबर खुर्चीवर बसले नाहीत. "पोरी उघाडीवर हायत," ते म्हणाले. "त्यांच्या आया बी तितंच हायत. बांध कुनी धरला नसता तर आमाला येता आलं नसतं. तुमीच बोल्ला व्हता, बाप दाखवा. हे बाप."

आता कुणी हसलं नाही. हात वर झाले आणि ठराव एका मताने पडला. अध्यक्षांनी निकाल वाचून दाखवला आणि चष्मा पुसत राहिले.

पुढे मी पुष्कळ वर्षं नगरपालिकेत काढली. शाळांना इमारती मिळवल्या, हारतुरेही घेतले. पण त्या दिवशी लोक अभिनंदनाला घरी आले, तरी माझ्या डोळ्यांपुढे सारखा तो बांध येत होता.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन शाळेत गेले. झाडून साऱ्या पोरी आल्या होत्या. उघाडीचा दोर ओढून आणि बांधावर चिखल थापून त्यांचे तळवे सोलवटले होते, वर खारं पाणी लागून फुटले होते. पाटीवर पेन्सिल धरता येत नव्हती म्हणून बाई तोंडी पाढे म्हणून घेत होत्या.

पहिल्या रांगेतल्या पोरीने विचारलं, "शाला ऱ्हायली?"

राहिली, मी म्हटलं, आणि तिच्यापुढे पेढा धरला. तिने तो दोन मनगटांमध्ये धरून खाल्ला.