अर्ध्यावरचा झेंडा

आता माझ्या हातून काय घडले, ते कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा समोर आला आहे, तेव्हा ऐकाच!

ठाण्याच्या खाडीकाठी आमचा यॉट क्लब आहे. एके काळी रविवारी शिडांनी खाडी पांढरी होत असे. पुढे गाळ साचला, सभासदांची हौस ओसरली, आणि रोज तिथे जाणारा मी एकटा उरलो. मी म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक आणि क्लबाचा मानद चिटणीस.

त्या रविवारी निर्णायक सभा होती. गणसंख्या भरली नाही, तर नावा विकून क्लब बंद! सकाळीच जाऊन मी झेंडा चढवू लागलो, तो दोर कप्पीत अडकला. झेंडा निम्म्यावर थांबला. म्हटले, राहू दे. सदरा खुंटीला टांगला, फोन त्याच्याच खिशात राहिला, आणि मी गंजीफ्राकावर नावेखाली शिरून जुना रंग खरवडू लागलो.

सभासद निवर्तला की झेंडा अर्ध्यावर, हा नियम ह्या मंडळींकडून कुणी घोकून घेतला होता? मीच!

थोड्या वेळाने पाहतो तो काय, फाटकातून सभासदांची रांग! सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमचा गणवेशही पांढराच. इतक्या वर्षांनी तो अंगावर चढवून आलेले पाहून माझे डोळे भरून आले. नावेखालून बाहेर येत मी हात पसरले, "या, या! तुमचीच वाट पाहत होतो!"

कोपरच्या सुलभाताई किंचाळल्या, "अगं बाई, सर!"

म्हात्रे हातातला हार पाठीमागे लपवत म्हणाले, "सर, तुम्ही गेलात ना?"

"कुठे?"

"वर! केळकरांनी घोडबंदरच्या टॉवरमधून झेंडा बघितला. तुम्ही फोन उचलेनात. आणि तुमच्याशिवाय इथे येतंय कोण मरायला?"

मी सर्वांची क्षमा मागितली. मग धीर करून म्हणालो, "आता आलाच आहात, तर सभा उरकू या. गणसंख्या भरली आहे."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"मयताला म्हणून निघालोय, सर," केळकर म्हणाले. "त्याच पावलांनी सभा? आंघोळ करून येतो ना लगेच."

"अहो, पण मी मेलेलो नाही!"

"ते खरं. पण आम्ही निघालो तर होतो!"

जाताना म्हात्रे हार माझ्या हातात देऊन गेले. "घरी परत न्यायचा नसतो, सर."

अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. आंघोळी कुणाच्या आटोपल्या नाहीत.

हार नावेच्या टोकाला घातला. मग कप्पी मोकळी केली. झेंडा सरसर माथ्यावर पोहोचला. मान वर करून त्याला डोळे भरून पाहिले, आणि नियमाप्रमाणे मीच तो पुन्हा अर्ध्यावर आणला.

ह्या वेळी फोन मुद्दाम हातात धरला होता. वाजला नाही. वाजेल तरी कशाला? मी जिवंत असल्याची सर्वांची खात्री पटली होती!