घोंगडीतलं भोक

शाळेत फोन आला तेव्हा मी आठवीला तरफ शिकवत होते. पलीकडून वडील म्हणाले, “सुमे, तात्या गेला गं.” तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. खडू हातातच राहिला… आणि डोळ्यांपुढं त्यांचा चेहरा आलाच नाही. आले ते जीपखालून बाहेर आलेले, चिखलानं बरबटलेले दोन पाय. त्याला आता महिना होत आला, तरी तात्या म्हटलं की मला आधी ते पायच दिसतात, आणि खरं सांगते, हसू येतं.

आमचं निरवांगीचं घर मूळचं मेंढरांमागचं. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, तसा एकेकानं कळप मोडला. तात्यांनी सगळ्यांच्या शेवटी मोडला. शेवटच्या लोकरीची एक घोंगडी विणून घेतली, ती कुणाला अंगावर घेऊ दिली नाही, आणि एक जुनी जीप आणली. सकाळी दुधाचे कॅन डेअरीला, दुपारी कुणाचं बियाणं, कधी कुणाची बाळंतीण. त्या जीपमध्ये गिअरशेजारी आणखी दोन बुटक्या दांड्या होत्या. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला दांड्यांची माहिती मिळायची. पहिली मागं ओढली की पुढच्या चाकांनाही इंजिन जोडलं जातं. दुसरी ‘लो’ची, ती टाकली की वेग मरतो, पण ताकद कितीतरी वाढते. “लो लागला की ती जीप न्हाय, हत्ती हाय,” असं तात्या सांगत, आणि काकू आतून म्हणे, “मग माहूत जेवाय कधी येनार?”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बारामतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, यंदा पास झालीस तर पुढचं बघू, नाहीतर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. अभ्यासाच्या सुट्टीसाठी मी गावी आले होते आणि फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या दिवशीच पाटाची चारी फुटली. रस्ता पाण्याखाली, एसटी फाट्यावरूनच माघारी गेलेली. मी वह्या घेऊन उंबऱ्यातच बसले, पण तात्या उलट खुलले. “एसटीचं काय घिऊन बसलीस? आपल्याकडं चारी चाकं वढत्यात.” मला फाट्यापर्यंत तेच सोडणार होते, म्हणून आदल्या दिवशीच त्यांनी जीप सजवली होती. ती जपून ठेवलेली घोंगडी दुहेरी करून खाली अंथरली होती आणि तिच्या कडा सीटच्या बोल्टांखाली आवळून टाकल्या होत्या. का, तर पत्रा तापतो आणि परीक्षेला जाताना पोरीच्या पायाला चटका नको. येताना शेळीला घास कापायचा म्हणून काकूही विळा घेऊन मागं बसली.

गावाबाहेरच्या काळ्या रानात जीप बसली. मागची चाकं जागेवर फिरायला लागली आणि चिखल काकूच्या लुगड्यावर उडाला. तात्यांनी ऐटीत पहिली दांडी मागं ओढली, दुसरी ‘लो’त टाकायला गेले, तर नुसतं करकर. दांडी पडेना. गिअर न्यूट्रलला आणला, क्लच पार खाली दाबला, परत करकर. इंजिन बंद करून बघितलं. दात दातात बसावेत म्हणून मी आणि काकूनं उतरून जीप वीतभर ढकलली. तरी नाही. तात्यांनी दांडीवरचा हात काढून घेतला. मला रडू फुटलं.

“रडायचं आसंल तर दांडी धरून रड,” ते म्हणाले. “मी खाली बघतो.” आणि उताणे होऊन चिखलात शिरले. बाहेर राहिले फक्त पाय.

“पयली वढ… सोड… परत वढ. पुरी वढ की गं, भाकरी खाल्ली न्हाईस का?”

“पुरीच ओढलीय, तात्या.”

“तिला बोलू नगा,” काकू म्हणाली. “मगाशी तुमी तरी कुठं पुरी वढली?”

मग एकदम पाय हलायला लागले. “सुमे, रॉड अर्ध्यातच थांबतोय. पुढची चाकं लागलीच न्हाईत. ती लागल्याबिगर लो पडतच न्हाय. खाली काय अडल्यालं न्हाय, वर बघ.”

मी दांडीच्या मागं बोटं घातली. सीटच्या कडेला दुहेरी लोकर दाबून घट्ट बसली होती.

“तात्या, घोंगडी अडतीय.”

ते बाहेर आले. घोंगडी ओढून बघितली, ती तसूभर हलली नाही. बोल्ट सोडवायचा पाना घरी राहिला होता. काकू म्हणाली, “म्या म्हनलं व्हतं, हातरा, पर आवळू नगा.” तात्यांनी घोंगडीवरून एकदा हात फिरवला आणि तिच्या हातातला विळा घेतला.

“आवं, शेवटची हाय ती…”

“हिची परीक्षा बी शेवटचीच हाय.”

दांडीभोवतीची लोकर त्यांनी गोल कापून काढली. मी पहिली दांडी ओढली, खट्. दुसरी टाकली, खट्. मग ती जीप अशी काही सरकायला लागली, की चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो; पण ती थांबली नाही. काकू चिखलातून शेजारी चालतेय, तात्या स्टिअरिंगवर थाप मारून “हत्ती, हत्ती” ओरडतायत, मी रडता रडता हसतेय. पुढं डांबरी रस्त्यावर तात्यांनी जीप पळवली आणि मी बारामतीला पोचले तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात हजेरी चालू होती. मी बाहेर येईपर्यंत तात्या तसल्याच कपड्यांनी फाटकाशी उभे होते.

मी पास झाले. ते स्थळ दुसरीकडं गेलं. आज वर्गात उभी राहते, ती त्या दिवसामुळं.

पुढं कितीतरी वर्षं काकू कुरकुरत राहिली, भोकातून धग येते, ठिगळ लावा. तात्या “लावू की” म्हणायचे.

गेल्या आठवड्यात निरवांगीला गेले होते. जीप छपराखाली उभी आहे, बॅटरी उतरलेली. आता ती चालवणारं घरात कुणी नाही. काकू आत बसून घोंगडीवरची धूळ पुसत होती. भोकाच्या कडा उसवून ते तळहाताएवढं झालंय. मी म्हणाले, “काकू, सोडवून दे मला. शिवून आणते, घरात अंथरता येईल.”

तिनं भोकावर हात ठेवला.

“शिवू नगंस,” ती म्हणाली. “दांडी अडंल.”