गोधड्या वाळेपर्यंत

गणपती गेले तरी आमच्या अंबरनाथचा पाऊस लगेच जात नाही, रेंगाळतो. मग एखाद्या सकाळी उठून बघावं तर लख्ख ऊन पडलेलं असतं. माझ्या आईला वर्षातले हेच दिवस सगळ्यात आवडतात. चादरींचा कुबट वास, फुगलेलं बाथरूमचं दार, चपलांवरची बुरशी, बरणीत गोळा होऊन बसलेलं मीठ, या सगळ्यावर ती चार महिने चिडचिड करते. आणि ऊन आलं की अख्खं घर बाहेर काढते.

मी बदलापूरला राहते. आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, त्यामुळे सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी अंबरनाथ पश्चिमेला आई-बाबांकडे जायचं, हे ठरलेलं. यंदा आषाढात बाबांना झटका आला, तेव्हापासून तर एकही शुक्रवार चुकवला नाही. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून नुसता 'अं' निघतो. तो 'हो' आहे की 'नाही', हे आईला कळतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

यंदा असं ऊन पडलं त्या शुक्रवारी दार उघडलं तेव्हा आई इतकी खुशीत होती की मलाही बरं वाटलं. हॉलमध्ये पेपरवर तांदूळ पसरलेले, खुर्च्यांच्या पाठींवर स्वेटर, बाल्कनीच्या ग्रिलवर गोधड्या. तिने काकडीचं थालीपीठ लावलं होतं.

"बस, गरम गरम खा. आणि हे बघ," म्हणत तिने मिठाची डबी ताटावर उलटी धरली. मीठ भुरभुर पडलं. "मोकळं झालं की नाही?"

आम्ही दोघी खात बसलो. किती दिवसांनी पायाखाली लादी कोरडी होती. घरभर वाळत्या कापसाचा वास होता. बाबा बाल्कनीत व्हीलचेअरवर होते. गोधड्यांच्या मधून त्यांच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. डॉक्टरांनी कोवळं ऊन द्यायला सांगितलं होतं, ते मला माहीत होतं.

तेवढ्यात शेजारच्या सिंधी आंटी वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं.

"भाभी, भाईसाब को अंदर लो ना. धूप बहुत तेज है."

"डॉक्टरने बोला है," आई म्हणाली.

"सुबह की धूप बोला होगा."

"हां, हां. लेती हूं."

आंटी गेल्या. आईने माझ्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं आणि तवा पुन्हा गॅसवर ठेवला. मी उठले.

ऊन थेट बाबांच्या तोंडावर येत होतं. चेहरा तांबडालाल झाला होता, डोळ्यांत घाम उतरला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. डावा हात चाकावर घट्ट होता आणि ते चाक मागे ढकलायचा प्रयत्न करत होते. खुर्ची हलत नव्हती. उजव्या चाकाचा ब्रेक लावलेला होता. तिथवर त्यांचा हात पोचत नाही. ग्रिलची पट्टी मांडीला टेकली होती, ती इतकी तापली होती की मी बोट लावून लगेच काढून घेतलं.

मी ब्रेक काढून त्यांना आत ओढलं. तोंड पुसलं, पाणी पाजलं. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"आई, किती वेळ ठेवलंस त्यांना?"

"गोधड्या वाळेपर्यंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. थालीपीठ उलटताना बोलावं तशी बोलली.

"चटके बसलेत त्यांना."

"चटक्यांनी माणूस मरत नाही. मी मेले का?"

मला लगेच कळलं ती काय म्हणतेय ते. मी शाळेत होते तेव्हा आम्ही बैठ्या चाळीत राहायचो. बाबांची फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी ते घरी जेवायचे. असेच गणपती गेल्यानंतरचे दिवस होते. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी आईला दंडाला धरून अंगणात काढलं आणि आतून कडी घातली. तिच्या चपला घरातच राहिल्या. बाहेर सिमेंटचा कोबा तापलेला. ती एक पाय उचलायची, तो टेकवून दुसरा उचलायची. बाबा खिडकीशी ताट घेऊन बसले होते. मला म्हणाले, "बघ, तुझी आई नाचतेय." मग तीच खारट भाजी त्यांनी ताट पुसून खाल्ली आणि आडवे झाले. कडी त्यांनी झोप झाल्यावर काढली. आई आत आली, पाय धुतले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. ही काही एकदाची गोष्ट नव्हती.

"मी बाबांना बदलापूरला नेते," मी म्हटलं. "थोडे दिवस."

"ने की. खुशाल ने."

मी नवऱ्याला फोन केला, तो हो म्हणाला. आईने स्वतः बाबांची बॅग भरली. औषधं, डायपर, घड्या केलेले सुती शर्ट, पावडर. काही विसरली नाही. पण खुर्ची दाराशी नेली तेव्हा बाबांनी डाव्या हाताने चौकट धरली. मी बोटं सोडवायला गेले तर त्यांनी जीव खाऊन पकडली. 'अं, अं' असा आवाज काढत ते वळून आईकडे बघत होते. या वेळी अर्थ मलाही कळला.

आई पुढे आली नाही. लांबूनच म्हणाली, "राहू दे. कुठे जाणार आहेत ते?" आणि बॅग उघडून शर्ट परत कपाटात लावू लागली.

त्यानंतरच्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या डॉक्टर घरी आल्या, तेव्हा मी मुद्दाम रजा घेऊन गेले. त्यांनी बाबांना कुशीवर वळवून पाठ पाहिली.

"एक बेडसोअर नाही," त्या मला म्हणाल्या. "इतकी सेवा मी फार कमी घरांत बघते."

त्यात खोटं काही नव्हतं. आई वेळेवर कूस बदलते, वरणभात मऊ कालवून भरवते, नखं कापते. पण डॉक्टरांना बाकीचं सांगायचं तरी काय? की मॅच असली की ती सीरियल लावते आणि रिमोट बाबांच्या उजव्या हाताशी ठेवते? की त्यांच्या नाकावर माशी बसली तर उडून जाईपर्यंत ती बघत राहते? माझ्यासमोर उन्हाचा प्रकार मात्र पुन्हा झाला नाही. आता ती त्यांना सकाळी लवकर बसवते आणि वेळेत आत घेते.

नवरात्रात एका शुक्रवारी भर दुपारी लाईट गेली. आमच्याकडे शुक्रवारी जातेच. ऑक्टोबरची गरमी, पंखा बंद, तिघंही हॉलमध्ये. आई पलंगाच्या कडेला बसून विणलेल्या पंख्याने स्वतःला वारा घेत होती. बाबा तिच्या शेजारी उशीला टेकून होते. पंखा मागे जाई तेव्हा थोडासा वारा त्यांच्याही गालाला लागत असावा. त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू मान त्या बाजूला कलती केली.

आईने ते पाहिलं. तिने पंखा पलीकडच्या हातात घेतला.

मी पेपरची घडी केली आणि बाबांना वारा घालू लागले. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिच्याचकडे बघत होते आणि ती खिडकीबाहेर बघत, सावकाश, स्वतःला वारा घेत होती.